साने गुरुजी, श्यामची आई आणि कावेरीकाठचा कुरळ

दरवर्षी गणेशोत्सवात आपल्या मुलांच्या चित्रकला, पाठांतर आणि वक्तृत्वाच्या स्पर्धा होतात आणि दरवर्षी बक्षिसांचा प्रश्न येतो. आजवर आपण स्टीलचे डबे दिले, पेले दिले, कंपासपेट्या दिल्या. यंदाच्या बैठकीत एक नवीन सूचना आली. आपल्यापैकी एका कुटुंबातील भाची नोकरीनिमित्त बेंगळुरूला असते. ती अलीकडे ‘व्हीगन’ झाली आहे, म्हणजे मांस-अंडी तर नाहीच, पण दूध, तूप, मधही नाही. तिने कळवले की यंदा बक्षीस म्हणून पुस्तके द्या आणि ती प्राणिमात्रांवर दया शिकवणारी असू द्यात. खर्चातला वाटा उचलायलाही ती तयार होती.

सूचना चांगली, पण बैठकीत लगेच दोन तट पडले. आपण कुंभकोणमचे मराठी लोक काही एका पंगतीचे नाही. व्यंकोजीराजांच्या काळापासून तंजावर प्रांतात राहिलेली घराणी आपल्यात आहेत, तशीच खानापूर-आटपाडीकडून सोने-चांदीच्या गलाईसाठी आलेली कुटुंबेही आहेत. काही घरांत कांदा-लसूणही चालत नाही, तर काही घरांत रविवारी मटण शिजते. उद्या एखाद्या मुलाने बक्षिसाचे पुस्तक घरी उघडले आणि त्यात आपले आई-वडील पापी ठरवलेले त्याला दिसले, तर त्या घराला काय वाटेल? आणि कोणाला वाईट वाटू नये म्हणून दयेचा विषयच मुलांपुढे मांडायचा नाही, हेही बरोबर आहे का? विशेषतः ज्या देवाचे मस्तक हत्तीचे आणि वाहन उंदीर, त्याच्या उत्सवात!

या वादात मला साने गुरुजींची आठवण झाली. गुरुजींना महाराष्ट्र ‘श्यामची आई’मुळे ओळखतो. पण ते आपल्यापासून शंभर किलोमीटरच्या आत, तिरुचिरापल्लीच्या तुरुंगात राहून गेले होते आणि तमिळ भाषेतला सर्वांत मोठा नीतिग्रंथ त्यांनी मराठीत आणला, हे आपल्यातल्या अनेकांना ठाऊक नसते. म्हणून त्यांचे चरित्र भूतदयेच्या अंगाने येथे थोडक्यात सांगत आहे. पुस्तक कोणते द्यावे याचे उत्तर त्यातच सापडेल.

पालगडचे घर

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील दापोलीजवळच्या पालगड या गावी झाला. घराणे खोताचे, म्हणजे एकेकाळी बऱ्यापैकी संपन्न. पण वडील सदाशिवरावांच्या काळात कर्ज वाढले, घरावर जप्ती आली आणि कुटुंब अगदी साध्या झोपडीवजा घरात राहू लागले. अशा दिवसांत आई यशोदाबाईंनी मुलांवर जे संस्कार केले, तेच पुढे ‘श्यामची आई’ या पुस्तकात उतरले.

या पुस्तकाच्या नावात आई असली तरी त्यात मुके जीवही जागोजागी भेटतात. एका प्रकरणात श्याम फुले तोडायला भल्या पहाटे जातो. दुसऱ्या मुलांना मिळू नयेत म्हणून तो न उमललेल्या कळ्याच तोडून आणतो. आई त्याला मारत नाही, देवाची भीतीही घालत नाही. कळीला झाडावर उमलू द्यावे, आपल्या हव्यासापायी तिचे उमलणे हिरावून घेऊ नये, एवढेच ती समजावते. दुसऱ्या एका प्रकरणाचे नावच ‘भूतदया’ आहे. त्यात पाखराचे एक पिलू मुलांच्या हाती येते. त्याला जगवण्यासाठी मुलांची केवढी धडपड चालते, पण पिलू जगत नाही. लेखकाने मुलांना खूश करण्यासाठी त्याला जगवून दाखवलेले नाही. जीव किती नाजूक असतो आणि आपली माया असूनही तो आपल्या हातून कसा निसटतो, हे त्या मुलांना पहिल्यांदा कळते.

तिसरी आठवण मोरी गायीची. ही गाय आईच्या हाताला सरावलेली होती, दुसऱ्या कोणाला दूध काढू देत नसे. त्या घरात गाय हे दुभते जनावर तर होतेच, पण घरातले माणूसही होते. ती गेली तेव्हा घरातले कोणी गेल्यासारखेच दुःख झाले.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. साने गुरुजी आजच्या अर्थाने व्हीगन नव्हते. इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा शब्द तयार केला तो १९४४ साली. गुरुजी दूधदुभत्याच्या कोकणी घरात वाढले. पण दूध देणाऱ्या जनावराचे आपण ऋणी आहोत, ही जाणीव त्या घरात होती. आज आपल्या दारात प्लॅस्टिकची पिशवी येते. ती कोणत्या गायीची, तिच्या वासराचे काय झाले, हे आपण विचारीत नाही. बेंगळुरूच्या आमच्या भाचीचा प्रश्न नेमका हाच आहे. उत्तर प्रत्येकाने आपले शोधावे. पण मोरी गायीची गोष्ट वाचलेल्या मुलाला हा प्रश्न निदान परका वाटणार नाही.

आई १९१७ साली वारली. त्या वेळी पांडुरंग शिक्षणासाठी घरापासून दूर होता आणि तिची शेवटची भेट झाली नाही. ही खंत त्यांच्या मनातून आयुष्यभर गेली नाही.

अंमळनेरचे शिक्षक

गरिबीत दिवस काढत, दापोली, औंध आणि पुणे असे फिरत त्यांनी शिक्षण पुरे केले आणि तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी खानदेशातील अंमळनेरला आले. तेथील प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ साली ते शिक्षक झाले आणि लवकरच वसतिगृहाचे कामही त्यांच्याकडे आले. हे काम त्यांनी आईच्या मायेने केले. मुले शाळेत गेली की गुरुजी त्यांच्या खोल्या झाडून ठेवीत, कंदिलाच्या काचा पुसून ठेवीत, कोणाचे मळलेले कपडे धुऊन टाकीत. मुले परत आली की आधी गोंधळत, मग लाजत आणि दुसऱ्या दिवसापासून आपली खोली आपणच झाडू लागत. मुलांसाठी ते ‘छात्रालय दैनिक’ स्वतःच्या हाताने लिहून काढीत. रोजच्या रोज, तेही शाळा सांभाळून!

गुरुजींची शिकवण्याची रीत यावरून कळते. जे मुलांनी करावेसे वाटते ते आधी आपण करायचे आणि बाकीचे मुलांच्या मनावर सोडायचे.

कावेरीकाठचा तुरुंग

१९३० साली मिठाचा सत्याग्रह सुरू झाला. गुरुजींनी शाळेची नोकरी सोडली, गावोगाव सभा घेतल्या आणि त्यांना अटक झाली. आधी धुळ्याचा तुरुंग आणि तेथून थेट तिरुचिरापल्ली. खानदेशातल्या शिक्षकाला मद्रास इलाख्यातल्या तुरुंगात ठेवले, ते १९३१ च्या गांधी-आयर्विन करारानंतर सुटका होईपर्यंत.

आपल्यापैकी जे पहिल्यांदा या भागात आले, त्यांना त्या वेळची गुरुजींची अवस्था सहज कळेल. भोवती तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम बोलणारे सत्याग्रही. सगळे एकाच देशासाठी तुरुंगात आलेले, पण एकमेकांशी बोलायला भाषा नाही, आधार तो इंग्रजीचा! आपल्या शेजारच्या भावाचे बोलणे आपल्याला कळू नये, याचे गुरुजींना फार वाईट वाटले. ते दक्षिणेच्या भाषांकडे वळले. प्रत्येक प्रांताने दुसऱ्या प्रांताची भाषा आणि साहित्य शिकावे, ही ‘आंतरभारती’ची कल्पना पुढे त्यांनी मांडली, तिचे बीज या तुरुंगात पडले. आपण दुकानात तमिळ आणि घरात मराठी बोलणारी माणसे रोज जी आंतरभारती जगतो, तिचे गुरुजींनी स्वप्न पाहिले होते.

तुरुंगवासाच्या काळातच त्यांनी तिरुवल्लुवरांचा ‘तिरुक्कुरळ’ मराठीत आणला. मराठीत तो ‘कुरल’ या नावाने ओळखला जातो. आपल्या मुलांना हा ग्रंथ शाळेतच भेटतो, सरकारी बसमध्येही त्यातली एखादी रचना लिहिलेली दिसते. अवघ्या दोन ओळींच्या १३३० रचना, त्यांची दहा-दहाची १३३ प्रकरणे. राजापासून शेतकऱ्यापर्यंत आणि मैत्रीपासून प्रेमापर्यंत सगळे त्यात आहे. कन्याकुमारीच्या समुद्रात २००० साली उभा राहिलेला वल्लुवरांचा पुतळा १३३ फुटांचा आहे, तो याच प्रकरणांच्या हिशेबाने.

आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातली तीन प्रकरणे महत्त्वाची. पंचविसावे करुणेवर, सव्विसावे मांस न खाण्यावर आणि तेहेतिसावे हिंसा न करण्यावर. करुणेच्या मागोमागच मांसत्यागाचे प्रकरण ठेवण्यात वल्लुवरांचा हेतू उघड आहे. दुसऱ्याचे शरीर खाऊन आपले शरीर वाढवायचे आणि करुणेची भाषाही करायची, हे त्यांना जुळत नाही. जनावर आपण मारले नाही, फक्त बाजारातून आणले, अशी पळवाटही ते ठेवत नाहीत. मागणी आणि पुरवठ्याचे नाते त्यांनी शेकडो वर्षांपूर्वी ओळखले होते. व्हीगन मंडळी आज जे सांगतात त्यातला बराच भाग या दहा रचनांत सापडतो.

पण आणखी एक बाब ध्यानात घ्यायला हवी. ही तिन्ही प्रकरणे ग्रंथाच्या संन्यासधर्माच्या भागात येतात. गृहस्थधर्माचे प्रकरण त्याआधी स्वतंत्र आहे आणि त्यात प्रेम, अतिथीसत्कार, गोड बोलणे, कृतज्ञता यांना जागा आहे. कित्येक अभ्यासक मांसत्यागाचा उपदेश सर्वांसाठीच मानतात. ते काहीही असो, वल्लुवरांनी गोड बोलण्याची पायरी आधी ठेवली आहे, हे दुसऱ्याच्या ताटात डोकावणाऱ्याने विसरू नये!

गोठ्यातली गाय आणि देवळाबाहेरचा माणूस

१९३२ साली गुरुजी पुन्हा तुरुंगात गेले. धुळ्याच्या तुरुंगात विनोबाजी दर रविवारी गीतेवर बोलत आणि गुरुजी ते भराभर लिहून घेत. त्या अठरा रविवारांचे पुस्तक म्हणजेच ‘गीता प्रवचने’. त्यानंतर नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ रोजी त्यांनी ‘श्यामची आई’ लिहायला घेतली आणि १३ फेब्रुवारीच्या पहाटे हातावेगळी केली. दिवसभर तुरुंगातले काम करायचे आणि उरलेल्या वेळात लिहायचे. आचार्य अत्र्यांनी या पुस्तकावर काढलेल्या चित्रपटाला १९५४ साली राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले, हे सर्वांना ठाऊक आहेच.

मोठ्या वाचकांसाठी त्यांनी लिहिलेल्या ‘भारतीय संस्कृती’ या ग्रंथात अहिंसेवर एक प्रकरण आहे आणि माणसाच्या मानवेतर सृष्टीशी असलेल्या प्रेमाच्या नात्यावर दुसरे. बैलाचा पोळा, नागाची पूजा, तुळस, वड, गोग्रास या आपल्या घरातल्या रीती म्हणजे मुक्या जगाशी जोडलेले नाते आहे, अशी त्यांची दृष्टी. तंजावर प्रांतातही ही दृष्टी नवी नाही. तिरुवारूरच्या चोळ राजाची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. राजपुत्राच्या रथाखाली वासरू सापडले, गायीने येऊन न्यायाची घंटा ओढली आणि राजाने स्वतःच्या मुलालाही तोच न्याय लावला. तिरुवारूरला जाल तेव्हा तो दगडी रथ मुलांना जरूर दाखवा.

मात्र गुरुजींची भूतदया गोठ्यापाशी थांबली नाही. मुंगीला साखर घालायची आणि माणसाला शिवायचे नाही, ही दया त्यांना पटणारी नव्हती. पंढरपूरचा विठोबा तेव्हा दलितांना बंद होता. ज्या देवाच्या वारीत सारे संत नाचले, त्याच्याच दारात माणसांना अडवले जाई. गुरुजींनी महिनोन्‌महिने महाराष्ट्रभर फिरून लोकमत जागे केले आणि १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषण सुरू केले. दहा दिवसांनंतर मंदिर खुले करण्याचा मार्ग मोकळा झाला. आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे, तंजावरच्या भोसले घराण्याने आपल्या विश्वस्तपदाखालील मंदिरे त्याआधीच, १९३९ साली, सर्वांना खुली केली होती.

महात्माजींच्या हत्येनंतर १९४८ साली गुरुजींनी एकवीस दिवसांचे उपोषण केले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. ते आजही चालू आहे. पण स्वातंत्र्यानंतरचा द्वेष, स्वार्थ आणि हिंसा पाहून त्यांचे हळवे मन खचत गेले. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच आपली जीवनयात्रा संपवली. वय अवघे पन्नास. सर्वांचे दुःख आपले मानणाऱ्या या माणसाचे दुःख हलके करणारे कोणी त्या वेळी जवळ असायला हवे होते, असे आजही वाटत राहते. दया शिकवताना ती स्वतःवरही करावी आणि मन जड झाले तर आपल्या माणसाशी बोलावे, हेही आपण मुलांना सांगितले पाहिजे.

मग पुस्तक कोणते द्यावे?

गुरुजींच्या लेखनावरून पुस्तक निवडण्याच्या तीन कसोट्या मला सुचतात. पहिली, पुस्तकातला प्राणी खरा असावा. त्याला भूक, भीती, पिले असावीत. नुसता तात्पर्य सांगण्यापुरता आणलेला कोल्हा-कावळा नको. दुसरी, पुस्तक मिटल्यावर मुलाला काही करावेसे वाटावे. गच्चीवर पाण्याचे भांडे ठेवावे, रस्त्यावरच्या कुत्र्याला दगड मारणाऱ्या मित्राचा हात धरावा, कोलमाच्या वेळी तांदळाचे पीठ मुंग्यांसाठी असते हे कळावे. तिसरी कसोटी सर्वांत महत्त्वाची. पुस्तक वाचून मुलाला मुक्या जिवाची माया वाटावी, शेजारच्या घराविषयी तिरस्कार वाटू नये. लहान मुलांना कत्तलखान्याची चित्रे दाखवून घाबरवणारी पुस्तके मी म्हणून टाळीन. भीतीने सोडलेली वस्तू भीती ओसरली की परत येते.

या तिन्ही कसोट्यांना ‘श्यामची आई’ उतरते. ते मटण खाणाऱ्या घरातही आनंदाने वाचले जाते आणि न खाणाऱ्या घरातही. गुरुजींच्या लेखनावरचे स्वामित्वहक्क संपल्याने अनेक प्रकाशकांच्या स्वस्त आवृत्त्या निघाल्या आहेत. फक्त संक्षिप्त आवृत्ती घेऊ नये, तीत नेमकी मोरी गाय किंवा मुकी फुले गाळलेली असण्याची भीती असते. आपली मुले तमिळ किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात, मराठी अडखळत वाचतात, ही अडचण खरी आहे. त्यावर उपाय पुस्तकातच आहे. ते बेचाळीस रात्रींत सांगितलेले आहे. रोज जेवणानंतर आई-वडिलांनी किंवा आजी-आजोबांनी एक रात्र मोठ्याने वाचावी. दीड महिन्यात पुस्तकही होईल आणि मराठीही!

आठवी-नववीच्या पुढच्या मुलांना मराठी कुरल द्यावा. नातवाने तमिळ रचना म्हणावी आणि आजोबांनी तिचा मराठी अर्थ वाचावा. ज्यांना मांसत्यागाचा किंवा व्हीगन होण्याचा विचार समजून घ्यायचा आहे, त्यांनी ती तीन प्रकरणे सावकाश वाचावीत आणि जोडीला ‘भारतीय संस्कृती’ वाचावी. पुढचा निर्णय ज्याचा त्याने करावा.

बैठकीतला वाद अखेर असाच मिटला. यंदा लहान गटाच्या विजेत्यांना ‘श्यामची आई’ आणि मोठ्या गटाला ‘कुरल’ देण्याचे ठरले आहे. बेंगळुरूच्या भाचीला कळवले तेव्हा ती म्हणाली की मोरी गाय तिने लहानपणी आजीकडून ऐकली होती आणि तिचा सगळा विचार बहुधा तेथूनच सुरू झाला असावा. आणि रविवारी मटण करणाऱ्या आमच्या एका सभासद बंधूंनी तर दोन प्रती जास्त मागवल्या, एक स्वतःसाठी आणि एक गावाकडच्या पुतण्यासाठी.

विघ्नहर्त्या गणरायाने आपल्या मुलांना बुद्धी द्यावी आणि तिच्या जोडीला गुरुजींचे हळवे मन द्यावे, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.

गणपती बाप्पा मोरया!